अपघात झालेल्या वैमानिकाला पुन्हा नोकरी द्यावी का?

१७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरत होतं. जमीन साधारण सातशे फुटांवर आली असताना दोन्ही इंजिनांची ताकद वाढेना. विमान को-पायलट जॉन कॉवर्ड यांच्या हातात होतं. कॅप्टन पीटर बर्किल यांच्याकडे काही करायला जेमतेम अर्धा मिनिट उरला होता. तेवढ्यात त्यांनी पंखांचे फ्लॅप (मागच्या कडेच्या, उतरताना उघडायच्या पट्ट्या) एक टप्पा आत घेतले. त्यामुळे हवेचा अडथळा जरा कमी झाला आणि विमान थोडं पुढे गेलं. धावपट्टीच्या सुमारे ३३० मीटर अलीकडे ते गवतात आदळलं, मोडलं, पण आतले १५२ जण जिवंत राहिले.

अंतिम अहवाल यायला फेब्रुवारी २०१० उजाडलं. लांबच्या आणि अतिथंड प्रवासात इंधनाच्या नळ्यांमध्ये बर्फ साचत गेला, शेवटच्या टप्प्यात तो सुटून पुढे आला आणि इंधन गरम करणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी अडकला. हा रचनेतला दोष होता आणि तोवर कोणालाच तो माहीत नव्हता. फ्लॅप आत घेतले नसते तर विमान आणखी ५० मीटर अलीकडे पडलं असतं, असंही अहवालात नोंदलं आहे. वैमानिकांवर ठपका नव्हता.

मधल्या दोन वर्षांत मात्र बर्किल यांच्याच सहकाऱ्यांमध्ये एक कुजबुज पसरली होती, की ऐन वेळी कॅप्टन गोठून बसला. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. दुसऱ्या कंपन्यांकडे अर्ज केले, तर मुलाखतीलासुद्धा कोणी बोलावलं नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. अखेर २०१० मध्ये ब्रिटिश एअरवेजनेच त्यांना परत घेतलं.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण यात सगळं स्वच्छ होतं. यंत्राचा दोष सिद्ध झालेला, माणसं वाचलेली, कॅप्टनचा निर्णय योग्य ठरलेला. तरीही नोकरी मिळेना. मग ज्याच्या अपघातात माणसं गेली, ज्याच्या हातून खरोखर काही चुकलं, त्याचं काय होत असेल?

प्रवासी म्हणून आपली पहिली प्रतिक्रिया सरळ असते : जगात एवढे वैमानिक आहेत, तर ज्याचं विमान एकदा पडलंय त्यालाच कशाला घ्यायचं? ही भीती खोटी नाही आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. पण तिच्यामागे एक गृहीतक आहे, की विमान पडलं म्हणजे ते चालवणारा कच्चा होता. हे गृहीतक किती टिकतं ते आधी पाहू.

विमान अपघाताच्या चौकशीचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. १९४४च्या शिकागो कराराचं परिशिष्ट १३ सांगतं, की चौकशीचा हेतू एकच : पुढचा अपघात टाळणं. दोष कोणाचा, भरपाई कोणी द्यायची, हे ठरवणं त्या चौकशीचं काम नाही. भारतातला विमान अपघात तपास विभागही याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे अहवालात सहसा एकच कारण नसतं, कारणांची साखळी असते. हवामान, नकाशा, थकवा, ड्युटीचं वेळापत्रक, यंत्रातला दोष, कंपनीची घाई आणि वैमानिकाचा निर्णय, असं सगळं त्यात येतं. बातमीत मात्र यातलं शेवटचंच उरतं.

आणि पहिला निष्कर्ष चुकीचाही निघू शकतो. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकला मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंना घेऊन जाणारं ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं विमान उड्डाणाच्या तिसऱ्या प्रयत्नात कोसळलं. २३ माणसं गेली, त्यात आठ खेळाडू होते. कॅप्टन जेम्स थेन वाचले. त्या वेळी विमान त्यांचे सहकारी केनेथ रेमंट चालवत होते आणि ते जखमांमुळे नंतर वारले. जर्मन चौकशीने ठरवलं, की पंखांवर बर्फ होता आणि तो साफ करून घेण्याची जबाबदारी थेन यांची होती. कंपनीने त्यांना काढून टाकलं. थेन हटले नाहीत. ते वर्षानुवर्षं कागदपत्रं गोळा करत राहिले. दरम्यान प्रयोगांमधून हळूहळू लक्षात आलं, की धावपट्टीवरच्या अर्धवट वितळलेल्या, चिखलासारख्या बर्फातून चाकं जाताना विमानाचा वेग विलक्षण घटतो. त्या काळी हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं. १९६९ मध्ये ब्रिटिश चौकशीने त्यांना दोषमुक्त केलं. पण अकरा वर्षं उलटली होती. ते पुन्हा कधी वैमानिक म्हणून उडले नाहीत, कोंबड्या पाळून त्यांनी संसार चालवला आणि १९७५ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी ते वारले.

थेन यांच्याबद्दल वाचलं की अजूनही राग येतो. ‘अपघात झाला ना, मग नको’ हा नियम वरवर सावधपणाचा दिसतो, पण तो लावायला अपघाताचं खरं कारण माहीत असावं लागत नाही. त्याची सगळ्यात मोठी खोट हीच आहे.

याच्या उलट बाजूला कॅनडातली १९८३ची घटना आहे. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये इंधन मोजताना किलो आणि पाउंड यांची गल्लत झाली. २२,३०० किलो हवं होतं आणि हिशेब पाउंडांत झाला, म्हणजे गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान निघालं. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि थोड्याच वेळात एकापाठोपाठ दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा सराव होता. को-पायलट मॉरिस क्विंताल यांना गिमली इथला जुना हवाई तळ माहीत होता. इंजिनाशिवाय तरंगत त्यांनी विमान तिथल्या बंद पडलेल्या धावपट्टीवर उतरवलं आणि ६९ जण वाचले. आता यांना शिक्षा करायची की बक्षीस द्यायचं? हिशेबाच्या चुकीत त्यांचाही हात होता, आणि प्राण वाचवणारेही तेच होते. कंपनीने पिअर्सन यांना सहा महिने खालच्या पदावर ठेवलं आणि क्विंताल यांना दोन आठवडे निलंबित केलं. पुढे दोघांनीही उड्डाण सुरूच ठेवलं आणि क्विंताल कॅप्टन झाले. चुकीचा मूळ भाग पद्धतीत होता : कॅनडा तेव्हा नुकताच मेट्रिक मापांकडे वळत होता, आणि नव्या विमानात इंधनाचा हिशेब नेमका कोणी करायचा हे कोणालाच धड सांगितलं गेलं नव्हतं. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो.

आता ज्या प्रकरणामुळे प्रवाशाची भीती खरी ठरते, त्याकडे वळू. ते टाळून हा विषय समजणार नाही.

२४ नोव्हेंबर २००१च्या रात्री बर्लिनहून झुरिकला येणारं क्रॉसएअरचं विमान बासर्सडॉर्फ गावाजवळच्या टेकडीवर आदळलं. ३३ पैकी २४ जण गेले. कॅप्टन ५७ वर्षांचे होते आणि त्यांच्या नावावर १९,००० तासांहून जास्त उड्डाण होतं. धावपट्टी दिसल्याशिवाय ज्या उंचीच्या खाली उतरायचं नसतं, तिच्या खाली ते उतरले. शेजारी बसलेला पंचविशीतला, थोडक्या तासांचा को-पायलट काही बोलला नाही.

स्विस तपास पथकाने कॅप्टनची फाईल उघडली. १९९० मध्ये प्रशिक्षण देत असताना त्यांच्या हातून जमिनीवर उभ्या असलेल्या साब ३४० विमानाची चाकं आत ओढली गेली होती. विमान पोटावर बसलं आणि भंगारात गेलं. पुढे मोठ्या एमडी-८० विमानाचं प्रशिक्षण त्यांना दोनदा जमलं नाही. एकदा आल्प्स दाखवायला प्रवाशांना घेऊन निघाले आणि वाट चुकून इटलीच्या हद्दीत पोहोचले. प्रत्येक वेळी प्रकरण तेवढ्यापुरतं मिटवलं गेलं आणि ते प्रवासी विमानं चालवत राहिले. अहवालाने कंपनीला स्पष्ट शब्दांत दोष दिला : इतक्या वर्षांत या वैमानिकाच्या कामाचं नीट मूल्यमापन झालं नाही, आणि उणिवा दिसत असूनही उपाय केले गेले नाहीत. (त्या रात्रीच्या नकाशात वाटेतली टेकडी दाखवलेलीच नव्हती, हेही त्याच अहवालात आहे. साखळी म्हणतात ती अशी असते.)

इथे थोडं थांबायला हवं. या फाईलमध्ये सगळ्यात बोलकं काय आहे? १९९० मध्ये भंगारात गेलेल्या विमानाकडे आधी लक्ष जातं. माझ्या मते त्याहून बोलकी आहे ती एकाच वळणाने जाणारी रेघ : ठरलेली पायरी वगळणं, आपण कुठे आहोत याची खात्री न करणं, आणि हे वेगवेगळ्या विमानांवर, वेगवेगळ्या वर्षी होणं. एक अपघात, मग तो कितीही भयंकर असो, माणसाबद्दल फार थोडं सांगतो. दहा वर्षांत पाच वेळा दिसलेला तोच दोष खूप सांगतो.

अमेरिकेला हे धडे फार महाग पडले. डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकन ईगलचं छोटं विमान नॉर्थ कॅरोलिनात पडलं आणि १५ जण गेले. त्या कॅप्टनला आधीच्या कंपनीतून कमकुवत कामगिरीमुळे राजीनामा देऊन बाहेर पडावं लागलं होतं, पण ती नोंद नव्या कंपनीपर्यंत पोहोचली नव्हती. म्हणून १९९६ मध्ये कायदा झाला, की नोकरी देण्याआधी मागच्या पाच वर्षांच्या नोंदी जुन्या कंपनीकडून मागवायच्या. त्यालाही फटी होत्या. सरकारी परीक्षांमधलं अपयश आपोआप कळत नसे, त्यासाठी उमेदवाराची वेगळी संमती घ्यावी लागे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोलगन एअरचं विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं आणि ५० जण गेले. कॅप्टन कंपनीत येण्याआधी तीन परीक्षांमध्ये नापास झाला होता, अर्जात त्याने एकच लिहिली होती.

त्या ५० जणांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनला खेटे घालून २०१० मध्ये नवा कायदा करून घेतला. प्रत्येक वैमानिकाच्या नोंदींचं एक राष्ट्रीय भांडार उभारायचं, असं त्यात ठरलं. नियम अंतिम व्हायला २०२१ उजाडलं. आणि मध्ये, फेब्रुवारी २०१९ मध्ये, अ‍ॅटलस एअरचं मालवाहू ७६७ टेक्सासमध्ये कोसळलं आणि तिघे गेले. को-पायलटने आधीच्या कंपन्यांमधलं प्रशिक्षणातलं अपयश लपवलं होतं. हे भांडार वेळेवर तयार झालं नाही, हेही अपघाताचं एक कारण असल्याचं तिथल्या तपास मंडळाने लिहिलं.

या तिन्ही अपघातांमध्ये कंपनीला जे कळलं नाही ते प्रशिक्षणाच्या खोलीतलं अपयश होतं. नुसतं ‘पूर्वी अपघात झालेले नकोत’ एवढीच चाळणी लावली असती तर यातलं काहीच हाती लागलं नसतं. बर्किल मात्र त्या चाळणीत अडकले.

आता ते भांडार काय करतं ते सांगतो. वैमानिकाच्या परीक्षा, कंपन्यांमधलं प्रशिक्षण, दारू आणि अमली पदार्थांच्या चाचण्या, शिस्तभंगाच्या कारवाया, नोकरी का सुटली, आणि अपघात किंवा गंभीर घटना, हे सगळं एका ठिकाणी येतं. वैमानिकाची संमती घेऊन नवी कंपनी ते वाचते आणि वाचल्याशिवाय त्याला उड्डाणावर पाठवू शकत नाही. नोंद तो वारेपर्यंत किंवा ९९ वर्षांचा होईपर्यंत राहते. स्वतःची नोंद पाहण्याचा आणि चुकीची असेल तर दुरुस्ती मागण्याचा हक्क वैमानिकालाही आहे.

या धंद्याची आणखी एक रीत बाहेरच्यांना फारशी माहीत नसते : ज्येष्ठता यादी. बहुतेक मोठ्या कंपन्यांत कोणतं विमान मिळणार, कोणता मार्ग, सुट्टी कधी, पगार किती, हे त्या कंपनीतल्या ज्येष्ठतेवर ठरतं. कंपनी बदलली की ज्येष्ठता शून्यावर येते. वीस वर्षं मुख्याध्यापक असलेल्या माणसाला गाव बदलल्यावर पुन्हा शिकाऊ शिक्षक म्हणून हजेरी लावावी लागावी, तसं हे आहे. म्हणून अपघातानंतर वैमानिक सहसा आपल्याच कंपनीत राहायचा प्रयत्न करतो. तिथून बाहेर पडला तर दुसरीकडे त्याला पन्नाशीत कनिष्ठ म्हणून घ्यायला कोणी फारसं उत्सुक नसतं. ‘नोकरी द्यावी का’ हा प्रश्न म्हणून बहुतेकदा ‘जुन्या कंपनीने त्याला सांभाळावं का’ असा असतो.

आपल्याकडचं उदाहरण मनाला जास्त लागतं. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान कोळिकोडच्या पठारावरच्या धावपट्टीवरून घसरून खाली कोसळलं आणि २१ जण गेले, त्यात दोन्ही वैमानिकही होते. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातून आलेले होते, त्यांचे आईवडील नागपूरला राहत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलात असताना ते एका विमान अपघातातून वाचले होते, डोक्याला गंभीर जखमा होऊन सहा महिने रुग्णालयात होते आणि तरीही जिद्दीने उड्डाणाकडे परतले, असं त्यांच्या नातेवाइकांनी सांगितलं. मग प्रश्न येतोच : त्या जुन्या अपघातामुळे त्यांना प्रवासी विमान द्यायला नको होतं का?

तपास अहवालात काय आहे ते पाहा. वैमानिकाने ठरलेली पद्धत पाळली नाही, अस्थिर अवस्थेत विमान खाली आणलं, जवळपास निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर चाकं टेकली, आणि को-पायलटने ‘गो अराउंड’ म्हणजे पुन्हा वर चला असं सांगूनही ते ऐकलं गेलं नाही. हा निष्कर्ष कठोर आहे आणि तो मऊ करून सांगण्यात अर्थ नाही. पण त्याच्या पुढेही वाचावं लागतं. मुसळधार पाऊस, कॅप्टनच्या बाजूचा बंद पडलेला वायपर, मागून येणारा वारा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहूनच त्यांचं पुढचं उड्डाण लावलेलं होतं, तिथे पुरेसे कॅप्टन नव्हते. विमान दुसरीकडे उतरवलं असतं तर सकाळचं उड्डाण रखडलं असतं, आणि हा दबाव त्या रात्रीच्या निर्णयामागे होता, असं अहवाल म्हणतो. तीस वर्षांपूर्वीच्या अपघाताची फाईल कितीही उलटली तरी यातलं काही सापडलं नसतं. ड्युटीचा तक्ता पाहिला असता तर सापडलं असतं.

अशा वैमानिकाला घ्यायचं ठरलं तर काय व्हायला हवं? पहिलं, अंतिम अहवाल येईपर्यंत थांबावं आणि तो स्वतः वाचावा; बातम्यांवरून ठरवू नये. दुसरं, सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, तीच परिस्थिती उभी करून पाहावी, आणि तीही एकदा नव्हे. तिसरं, सुरुवातीचे महिने प्रशिक्षक कॅप्टनच्या जोडीने उडू द्यावं. आणि मनाकडे लक्ष द्यावं, ज्याची आपल्याकडे अजून फार टाळाटाळ होते. हडसन नदीत विमान उतरवून १५५ जणांना वाचवणारे चेस्ली सलेनबर्गर यांनी उघड सांगितलं, की नंतरचे काही आठवडे त्यांना धड झोप लागत नव्हती. तेही काही महिन्यांनी कॉकपिटमध्ये परतले. १९८९ मध्ये सू सिटीला हायड्रॉलिक यंत्रणा (जिच्या जोरावर विमान वळवता येतं) पूर्ण गेलेलं डीसी-१० जमिनीवर आणणारे अल हेन्स यांच्या विमानात ११२ जण गेले आणि १८४ वाचले. तेही परतले आणि १९९१ मध्ये वयोमर्यादेप्रमाणे निवृत्त होईपर्यंत उडत राहिले. त्यांच्यासारख्या अनुभवाचा माणूस बाहेर ठेवण्यात प्रवाशांचाच तोटा झाला असता.

नकार द्यायची वेळही येते. ज्याने नोंद लपवली, त्याला घेऊ नये. इथे मी जराही सूट देणार नाही. ज्याच्या फाईलमध्ये तोच दोष पुन्हा पुन्हा आहे आणि प्रशिक्षणाने सुटलेला नाही, त्यालाही नाही. चुकीबद्दल विचारल्यावर ज्याच्या उत्तरात फक्त हवामान, कंट्रोलर आणि को-पायलट येतात, त्याच्याबाबतीत फार सावध राहावं.

सरसकट बंदीचा एक तोटा आकड्यांत दिसत नाही. अपघात म्हणजे करिअर संपलं, असं ठरलं की छोट्या घटना कळवणं बंद होतं. जोरात टेकलेली चाकं, चुकीच्या उंचीवर गेलेलं विमान, डुलकी लागलेला सहकारी, या गोष्टी वैमानिकाने स्वतःहून सांगितल्या तरच कंपनीला वेळेत कळतात. युरोपने २०१४ मध्ये कायदाच केला, की प्रामाणिक चूक कळवणाऱ्याला शिक्षा नाही. जाणूनबुजून केलेला किंवा गंभीर बेपर्वाईचा प्रकार मात्र यातून वगळला.

भारतात वैमानिकाने कंपनी बदलताना नोटिशीचा काळ आणि ना-हरकत प्रमाणपत्र यावर भरपूर वाद होतात, कोर्टकचेऱ्या होतात. वैमानिक मोकळा झाला की नाही, एवढंच त्या कागदातून समजतं. तो सिम्युलेटरमध्ये कुठे अडखळतो, कोणत्या परीक्षेत दुसऱ्यांदा बसला, हे समजत नाही. नव्या कंपनीने प्रशिक्षणाची पूर्ण फाईल मागवून वाचणं डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, सक्तीचं करावं, जुन्या कंपनीने ती पूर्ण द्यावी, आणि फाईलमध्ये काय लिहिलंय ते पाहून त्यावर उत्तर नोंदवण्याचा हक्क वैमानिकाला असावा.